मोतीबिंदूचे भिंग कुणाच्या डोळ्यात?



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीच्या व्हॉट्सअॅप गटावर एक संदेश फिरत आला. अडीच हजार वर्षांपूर्वी सुश्रुताने मोतीबिंदूचे ऑपरेशन केले, जगाला दृष्टी आपण दिली, बाकीच्यांनी ती आपल्याकडून चोरली, वगैरे. खाली पंधरा-वीस जणांनी हात जोडले होते. त्यात आपलीही पोरे होती. नेमक्या त्याच आठवड्यात मी माझ्या आत्याला घेऊन शहरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा आधी करायचा. काउंटरवरच्या मुलीने प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद पुढे सरकवला. त्यावर पाच ओळी. पहिली 'योजनेतली लेन्स', तिच्यापुढे किंमत नाही. मग 'इंडियन फोल्डेबल', मग 'इम्पोर्टेड', मग 'टोरिक' आणि सर्वांत खाली सोनेरी अक्षरांत 'प्रीमियम मल्टिफोकल'. मुलगी म्हणाली, "योजनेतली साधी असते. बघा तुम्ही, शेवटी डोळ्याचा प्रश्न आहे."

आत्या म्हणाली, "सस्ती कोणती हाय ती घे माय. मला काय आता हापिसात जायचंय?"

हा लेख त्या दोन गोष्टींबद्दल आहे, व्हॉट्सअॅपवरच्या त्या संदेशाबद्दल आणि काउंटरवरच्या त्या कागदाबद्दल. मला त्या वेगळ्या वाटत नाहीत. मोतीबिंदूच्या इतिहासात सुई कुणाच्या हातात होती आणि भिंग कुणाच्या डोळ्यात गेले, हे तपासले की आत्याच्या तोंडून ते वाक्य का निघाले तेही कळते.

आधी एक साधी गोष्ट. आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक नैसर्गिक भिंग असते. वय वाढले की ते गढूळ होते, तोच मोतीबिंदू. मधुमेहात, डोळ्याला मार लागल्यावर किंवा स्टेरॉइडची औषधे फार दिवस घेतल्यावर तो लवकर येतो. थेंब टाकून, अंजन घालून, मध लावून तो जात नाही. गढूळ भिंग काढावे लागते आणि त्याच्या जागी दुसरे बसवावे लागते. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या आंधळेपणाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदूच निघाले, ६६.२ टक्के. म्हणजे बरे होऊ शकणारे आंधळेपण. आणि ते निरक्षरांमध्ये शिकलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळले. निरक्षर कोण आहेत, हे या वाचकांना सांगायला नको.

आता सुश्रुत. सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूवरच्या शस्त्रकर्माचे वर्णन आहे, हे खरे आहे आणि ते वाचून मला कौतुकही वाटले. खोटे कशाला बोलू? ग्रंथात त्याला लिंगनाश म्हटले आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून जवाच्या टोकासारखी शलाका आत घालायची, गढूळ झालेला भाग बाजूला सारायचा, डोळ्यावर स्त्रीचे दूध शिंपडायचे, तूप लावून पट्टी बांधायची. नंतर रुग्णाने उताणे पडून राहायचे. शिंक, खोकला, ढेकर यांना आवर घालायचा. हे ज्याने लिहिले त्याने किंवा त्याच्या आधीच्या कुणीतरी हे प्रत्यक्ष केले होते, यात मला शंका नाही. हा भाग उत्तरतंत्रात येतो आणि उत्तरतंत्र ही संहितेला मागाहून जोडलेली पुरवणी मानली जाते. त्यामुळे 'अडीच हजार वर्षे' हा आकडा छातीठोकपणे सांगता येत नाही.

मोठा गैरसमज मात्र वेगळाच आहे. या पद्धतीत मोतीबिंदू काढत नव्हते. गढूळ भिंग ढकलून डोळ्याच्या आतच, मागच्या बाजूला पाडत होते. वाट मोकळी झाली की उजेड दिसे, माणूस ओळखू येई. पण डोळ्यात भिंगच नसल्याने सगळे धूसर. पाडलेले भिंग पुढे आत कुजबुज करी, डोळ्यातला दाब वाढे, पू होई. आजचे ऑपरेशन आणि ते शस्त्रकर्म यांत नाव सोडले तर फारसे साम्य नाही.

बरे, ही विद्या शिकणार कोण? सूत्रस्थानात सुरुवातीलाच शिष्याची पात्रता सांगितली आहे. ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य. चांगल्या कुळातल्या, गुणी शूद्राला उपनयनाशिवाय आणि मंत्र वगळून शिकवावे, असे 'काहींचे मत' म्हणून नोंदवले आहे. शूद्राच्या पलीकडचा माणूस तर त्या यादीतच नाही. त्याच अध्यायात उपचार कुणावर करावेत तेही आहे. दरिद्री, अनाथ, संन्यासी, मित्र यांच्यावर आपले नातलग समजून स्वतःच्या औषधांनी उपचार करावेत, असे म्हटले आहे. ही ओळ सुंदर आहे, तिचे श्रेय दिलेच पाहिजे. पण तिला लागूनच पुढे येते की शिकारी, पाखरे धरणारे, पतित आणि पापी यांच्यावर उपचार करू नयेत. आमच्या तालुक्यातल्या पारधी वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांना मी तपासणीला नेते तेव्हा मला ही ओळ हटकून आठवते. फासे लावणाऱ्याचा मोतीबिंदू त्या सुवर्णयुगात कुणी काढला असता?

आणि ज्यांनी ही विद्या हाती घेतली, त्यांचे काय झाले? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जी मनुस्मृती जाळली गेली, तिने वैद्याचे अन्न निषिद्ध ठरवले आहे. श्राद्धाच्या पंगतीतून वैद्याला वगळले आहे. चिकित्सा हे काम तिने 'अंबष्ठ' या संकरज मानलेल्या जातीवर ढकलले आहे. म्हणजे जखमेला, पुवाला, प्रेताला हात लावणारा माणूस खालचा. सुश्रुतसंहितेत प्रेत वाहत्या पाण्यात सात रात्री कुजवून मग आतले अवयव बघायला सांगितले आहे. पण ज्या समाजात प्रेताला शिवल्याने विटाळ होतो, तिथे ही शिकवण किती पिढ्या टिकणार? हे मी आज उठून लिहीत नाही. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ मध्ये रसायनशास्त्राच्या इतिहासात जातिव्यवस्थेने भारतातली प्रयोगशील बुद्धी मारली, असे लिहिले. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ मध्ये धर्मशास्त्रांनी वैद्यांची केलेली अवहेलना सविस्तर मांडली. दोघेही आपल्या वस्तीतले नव्हते. व्हॉट्सअॅपवर हात जोडणाऱ्यांनी सुश्रुताचा अभिमान जरूर बाळगावा. पण सुश्रुताच्या हातातली सुई अशुद्ध कुणी ठरवली, याचाही जाब त्याच तोंडाने विचारावा.

बुद्धाच्या परंपरेत रोग्याकडे आणि वैद्याकडे बघण्याची नजर वेगळी होती. विनयपिटकातला जीवक हा राजगृहातल्या गणिकेचा, उकिरड्यावर टाकलेला मुलगा. तो तक्षशिलेला सात वर्षे शिकला आणि बुद्धाचा वैद्य झाला. जन्म विचारला असता तर तो वैद्य झालाच नसता. ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे तथागतांनी भिक्खूंना सांगितल्याची कथाही त्याच विनयात आहे. आणि ही डोळ्यांची विद्या देशाबाहेर गेली ती बौद्ध वाटेनेच. चीनमध्ये थांग राजवटीत नागार्जुनाच्या नावाने डोळ्यांच्या रोगांवरचा ग्रंथ प्रसिद्ध होता आणि चिनी कवींनी भारतातून आलेल्या नेत्रवैद्यांचे, त्यांच्या सोन्याच्या शलाकेचे उल्लेख केले आहेत. तो ग्रंथ आपल्या माध्यमिक नागार्जुनानेच लिहिला, असा दावा मी करणार नाही. तसा केला तर सुश्रुतवाल्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला?

आपल्या परंपरेतलीही एक गोष्ट खटकणारी आहे, ती लपवू नये. धम्मपदाच्या अट्ठकथेत चक्खुपाल थेराची कथा आहे. तो आंधळा होतो. कारण काय, तर मागच्या जन्मी तो वैद्य होता. एका गरीब बाईने डोळे बरे झाले तर मुलाबाळांसह तुझी दासी होईन असे कबूल केले. डोळे बरे झाल्यावर ती भ्याली आणि बरे वाटत नाही म्हणाली. वैद्याने रागाने दुसरे औषध देऊन तिचे डोळे घालवले. मागच्या जन्माचा भाग बाबासाहेबांनी स्पष्ट नाकारला आहे, आपणही तो सोडून देऊ. वस्तीत आजही म्हाताऱ्या बाया 'मागच्या जन्मीचं काहीतरी असंल' म्हणून मोतीबिंदू घेऊन बसून राहतात, तेव्हा या समजुतीची किंमत डोळ्यांनी मोजली जाते. पण कथेतली फी बघा. डोळ्यांच्या बदल्यात अख्खे घर गुलामीत.

पुढची काही शतके ही सुई रस्त्यावर आली. उत्तरेत सथिया म्हणत, मुसलमानांत जर्राह होते. गावोगाव फिरणारे, झाडाखाली बसून डोळ्यात सुई घालणारे लोक. वडिलांकडून मुलाकडे गेलेले कसब, ग्रंथ नाही, पाठशाळा नाही. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयातले इंग्रज सर्जन रॉबर्ट हेन्री इलियट यांनी १९१७ च्या सुमारास या पद्धतीवर पुस्तकच लिहिले. शेकडो बिघडलेले डोळे त्यांनी तपासले होते. त्यांचे निष्कर्ष भयानक आहेत आणि ते खरे मानायला मला अडचण वाटत नाही. पण एक प्रश्न त्यांना पुरेसा टोचला नसावा. लोक त्या सुईवाल्याकडे का जात होते? कारण तो दारात येत होता. तो दुसऱ्या दिवशी पसार होई, हे खरे. पण सरकारी रुग्णालय मद्रासला होते आणि तिथे पोचायला आंधळ्या माणसाला दुसऱ्या डोळस माणसाची मजुरी बुडवावी लागे. आजही तेच आहे. आत्याबरोबर मी तीन दिवस गेले, माझी सुट्टी होती म्हणून.

(मराठी माणसाला अभिमानच हवा असेल तर तंजावरचे सरफोजी राजे दुसरे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी इंग्रज डॉक्टराच्या साथीने डोळ्यांवर उपचार केले आणि रुग्णांच्या नोंदी व डोळ्यांची चित्रे करवून ठेवली. राजाने रोग्याच्या डोळ्याला हात लावला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.)

युरोपात १७४७ मध्ये फ्रेंच सर्जन जाक दाव्हिएल यांनी भिंग मागे पाडण्याऐवजी छेद देऊन बाहेर काढले. तिथून आजच्या ऑपरेशनचा रस्ता सुरू होतो. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखवले. त्याआधी रुग्णाला चार माणसे धरून ठेवत. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबात जालंधरला हेन्री स्मिथ नावाचे आयरिश डॉक्टर हजारोंनी मोतीबिंदू काढत होते आणि ते बघायला परदेशातून सर्जन येत. शिकायला हवे तितके डोळे भारतात होते, गरिबांचे.

या काळाची एक आठवण आपल्या बोलण्यात अजून जिवंत आहे. 'मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू.' जुन्या पद्धतीत भिंग पिकून घट्ट झाले की काढायला सोपे जाई, म्हणून डॉक्टर थांबायला सांगत. आजच्या पद्धतीत पिकण्याची वाट बघायची गरज नाही. रोजच्या कामात अडचण यायला लागली की तीच वेळ. उलट फार पिकू दिले तर ऑपरेशन अवघड होते, कधी डोळ्यातला दाब वाढून डोळाच जातो. पद्धत बदलली, पण बदलल्याचे आपल्या वस्तीत कुणी सांगायला आले नाही. म्हणून माणसे अजून पिकण्याची वाट बघत अंगणात बसून आहेत.

माझ्या आजोबांचे ऑपरेशन १९८७ साली तालुक्याच्या शाळेत भरलेल्या शिबिरात झाले. बाक जोडून टेबल, खाली सतरंजीवर रांगेने रुग्ण. भिंग काढले, दुसरे बसवले नाही. त्याऐवजी जाड चष्मा दिला, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा. त्या चष्म्यातून प्रत्येक वस्तू पाव हिश्शाने मोठी दिसे. आजोबा पाण्याचा तांब्या धरायला हात पुढे करत तो तांब्याच्या अलीकडेच मिटे. बाजूचे काही दिसत नसे, माणूस एकदम समोर उगवल्यासारखा येई. मी पाच-सहा वर्षांची असताना तो चष्मा बैलाच्या पायाखाली गेला. तसला नंबर गावात मिळेना, शहरात जायला पैसे नव्हते. आजोबा शेवटची दोन वर्षे पुन्हा आंधळे होते. ऑपरेशन झालेला, कागदोपत्री बरा झालेला आंधळा.

आता दुसरी तारीख बघा. २९ नोव्हेंबर १९४९. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यात कण घुसले होते. त्या काचा म्हणजे पर्स्पेक्स नावाचे प्लास्टिक, पीएमएमए. हे कण डोळ्यात वर्षानुवर्षे राहूनही डोळा त्यांना सहन करतो, हे रिडलींच्या लक्षात आले होते. त्याच प्लास्टिकचे त्यांनी भिंग करवून घेतले.

१९४९ आणि १९८७. मधली अडतीस वर्षे. ही सगळी जातीमुळे गेली असे म्हणणे चुकीचे ठरेल. रिडलींना त्यांच्याच व्यवसायातल्या दिग्गजांनी वेड्यात काढले होते, सुरुवातीच्या भिंगांत दोषही होते आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कृत्रिम भिंगाला परवानगी दिली ती १९८१ मध्ये. पण त्यानंतर? ऐंशीच्या दशकात मोठ्या शहरांतल्या पैसेवाल्यांना आयात भिंग मिळत होते, किंमत शंभर डॉलरच्या आसपास. शिबिरातल्या रांगेला चष्मा. आपल्या देशाने १९७६ मध्येच राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला होता. त्यात मोजले काय जात होते, तर ऑपरेशनची संख्या. माझ्या आजोबांना पुढे दिसले की नाही, हे मोजायला कुणी आले नाही.

हे बदलले ते दोन गोष्टींनी. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब ही संस्था उभारून इथेच भिंगे बनवायला सुरुवात केली आणि किंमत काही डॉलरवर आणली. आणि १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला. महाराष्ट्र त्यात होता. सर्जनांना नवे प्रशिक्षण, सूक्ष्मदर्शक, भिंगे मिळाली आणि सरकारी ऑपरेशनमध्ये भिंग बसू लागले. जागतिक बँकेवर टीका करणारे लेख मी इथेच लिहिले आहेत. पण हे झाले नसते तर आत्याच्या हातातही तोच जाड चष्मा असता, हेही लिहिले पाहिजे.

फुकट मिळाले म्हणजे हक्क संपला, ही भावना मात्र गेली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान इथे एका मोफत शिबिरानंतर डझनावारी लोकांची दृष्टी गेली. घुमान म्हणजे संत नामदेवांचे घुमान; पाच महिन्यांनी तिथेच अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. पुढच्याच वर्षी मध्य प्रदेशात बडवानीला तसेच झाले, आदिवासीबहुल जिल्हा. जंतुसंसर्ग कोणत्याही ऑपरेशनमध्ये क्वचित होऊ शकतो. पण एका रांगेतल्या कित्येकांना एकदम होतो तेव्हा द्रावण, उपकरणे, हातमोजे, खोली यांतले काहीतरी स्वच्छ नव्हते. पैसे भरलेल्या माणसाच्या नातेवाइकांनी हे आधी विचारले असते. फुकटच्या रांगेतला माणूस विचारत नाही, कारण त्याला उपकार वाटतो.

म्हणून आता त्या कागदाकडे येते.

मज्झिम निकायात मागंदिय सुत्त आहे. जन्मांध माणूस. कुणी डोळस माणूस पांढऱ्या, स्वच्छ वस्त्राचे कौतुक करताना तो ऐकतो आणि तसले वस्त्र शोधायला निघतो. एक जण त्याला तेलकट, मळके फडके देऊन सांगतो, हे घे पांढरे वस्त्र. तो आनंदाने पांघरतो. पुढे त्याचे आप्त त्याला वैद्याकडे नेतात, दृष्टी येते आणि फसवणूक कळते. ज्याला दिसत नाही त्याला काय विकले जाते, याबद्दल याहून नेमके मी कुठे वाचलेले नाही. काउंटरवर आत्याचेही तेच होणार होते, आणि दोन्ही बाजूंनी. एकतर सर्वांत महाग ते सर्वांत चांगले म्हणून कर्ज, नाहीतर आपल्याला काय करायचे म्हणून न विचारता मिळेल ते.

भिंगांची खरी गोष्ट तितकी गूढ नाही. टणक पीएमएमए भिंग घडी होत नाही, म्हणून छेद सहा मिलिमीटरच्या आसपास लागतो. फोल्डेबल भिंग घडी घालून दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून जाते. लहान छेद लवकर भरतो आणि नंतर चष्म्याचा तिरका नंबर कमी येतो. हा फरक आहे, पण तो आंधळे आणि डोळस इतका नाही. टणक भिंगाचा अनुभव तर १९४९ पासूनचा आहे. ऑपरेशनच्याही दोन पद्धती. फेको, म्हणजे यंत्राच्या अल्ट्रासाउंडने भिंग फोडून ओढून घेणे, जिची सुरुवात चार्ल्स केल्मन यांनी १९६७ मध्ये केली. आणि हाताने केलेली लहान छेदाची, बिनटाक्याची पद्धत, जी भारत-नेपाळसारख्या देशांतल्या सर्जनांनी गरिबांसाठी घासून-पुसून तयार केली. या दोहोंची तुलना आपल्या पुण्यातच झाली, निष्कर्ष २००५ मध्ये छापून आले. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवायच्या नजरेत फेकोला थोडी सरशी. चष्मा लावून दोन्ही जवळजवळ सारखे. 'यंत्राने केले तरच डोळा वाचतो' असे कुणी म्हणाले तर हे सांगा.

'इम्पोर्टेड' या शब्दाला भुलू नका, भारतात बनलेली भिंगे कित्येक देशांत निर्यात होतात. टोरिक भिंग बुबुळाला बराच तिरका नंबर असेल तरच कामाचे; मोजणीचा कागद दाखवून तो किती आहे ते विचारा. मल्टिफोकल भिंगाने दूरचे-जवळचे दोन्ही चष्म्याशिवाय दिसू शकते, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात आणि अंधुक उजेडात रंगांची, कडांची स्पष्टता कमी होते. मधुमेहाने पडदा खराब झालेल्या, काचबिंदू असलेल्या माणसाला ते सहसा देऊ नये. रात्रपाळीचा ड्रायव्हर असेल तर दहा वेळा विचार करावा. यासाठी दागिना गहाण ठेवू नका. २०१७ मध्ये सरकारने हृदयातल्या स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. डोळ्यातल्या भिंगाला तेव्हा हात लावला नाही. आपल्या संघटनांनी ही मागणी का लावून धरली नाही, हे मला कोडे आहे.

आणि जी गोष्ट त्या कागदावर नव्हतीच ती सांगते. सर्वांत साध्या, एकाच अंतराच्या भिंगातही निवड असते. भिंगाचा नंबर डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई मोजून काढतात आणि तो दूरच्यासाठी ठेवायचा की जवळच्यासाठी, हे ठरवता येते. दूरचे ठेवले तर वाचायला चष्मा, जवळचे ठेवले तर रस्त्यावर चष्मा. यासाठी एक रुपया जास्त लागत नाही. फक्त डॉक्टराने विचारावे लागते की बाई, तुम्ही दिवसभर काय करता?

आत्या वाकळा शिवते. चाळीस वर्षे. दोरा ओवता येईना म्हणून तर ती तयार झाली होती. मी काउंटर सोडून डॉक्टरांना भेटायचा हट्ट धरला. डॉक्टर तरुण होते, कंटाळलेले होते, पण ऐकून घेतले. दोन्ही पर्याय समजावले. आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सुईला चष्मा लावीन मी. नातू शाळेतून येतो तवा तो हायवे वलांडताना दिसला पायजे." दूरचा नंबर ठरला, योजनेतले भिंग, पैसे शून्य.

तयारीबद्दल कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे थोडे. रक्तदाब आणि साखर आधी आटोक्यात हवी. डोळ्याला पू, आसूच्या पिशवीला सूज, दाढेला गळू असेल तर आधी ते बरे करावे. चालू असलेली सगळी औषधे पिशवीतून नेऊन दाखवावीत; विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि पुरुषांच्या लघवीच्या त्रासावरची टॅम्सुलोसिन, कारण तिने ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही. मनाने कोणतीही गोळी बंद करू नये. आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करावी, नंतर काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नसते. काजळ नको. पडदा तपासला का, हे विचारावे. पडदाच खराब असेल तर सोन्याचे भिंग बसवूनही उजेड पडणार नाही. संमतीपत्र वाचून घ्यावे, ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावे. नंतर डोळा दुखला, लाल झाला, नजर एकदम कमी झाली तर सकाळची वाट बघू नये, त्याच रात्री जावे. काही महिन्यांनी-वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले तर मोतीबिंदू परत आला असे नसते. भिंगामागचा पातळ पडदा गढूळ होतो आणि यॅग लेसरने तो काही मिनिटांत मोकळा करता येतो.

आणि भिंगाच्या डबीवर एक चिकटपट्टी असते. तिच्यावर कंपनी, नंबर, मुदत, अनुक्रमांक छापलेला असतो. ती रुग्णाच्या कार्डावर लावून मागायची. आम्ही मागितली तेव्हा सिस्टरने वर बघितले. "कशाला पाहिजे?" म्हणाली. "डोळ्यात काय घातलंय ते आमच्याकडं नको का?" हे आत्याच बोलली, मी नाही.

चौथ्या दिवशी ती दारात बसली होती. १९५४ मध्ये बाबासाहेब चार महिने अंथरुणाला खिळून होते, नजर साथ देत नव्हती, आणि तरी पुढच्या दोन वर्षांत त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुरा केला, हे मी तिला सांगत होते. ती माझे ऐकत नव्हती. समोरच्या विहाराच्या भिंतीवरचा निळा रंग तिला मागच्या वर्षी दिला त्यापेक्षा वेगळा दिसत होता आणि तो कुणी बदलला, हे तिला विचारायचे होते. कुणी बदलला नव्हता. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. या वेळी तिच्यासोबत शेजारच्या दोघीजणी येणार आहेत, दोघींचेही 'अजून पिकायचे' आहे.